मस्टरवर चौदा, बाहेर बारा: यातले तुमचे कामगार कोण?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. धायरीत पडदे, सोफा आणि मॉड्युलर किचनचं वर्कशॉप आहे, सिंहगड रोडला शोरूम आहे. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, १४ माणसं. त्याखेरीज दोन डिझायनर, एक निवृत्त साइट सुपरवायझर, एक अकाउंटंट, तीन फिटर, घरी पडदे शिवून देणाऱ्या चार बायका आणि एक टेम्पोवाला असे १२ जण ‘बाहेरचे’. त्यांना प्रोफेशनल फी किंवा मजुरी म्हणून पैसे जातात आणि जिथे लागतो तिथे टीडीएस कापला जातो. पीएफचा कोड (नोंदणी क्रमांक) नाही, ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचाही नाही. आता पीएफ कार्यालयाचं पत्र आलंय: मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद आणि लेजर घेऊन या. त्यावर कुणीतरी तुम्हाला सुचवलंय की पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सगळ्यांशी ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असा करार करून टाका, म्हणजे विषय संपला.

विषय संपत नाही, उलट वाढतो. पीएफ-ईएसआयच्या चौकश्यांमध्ये बसायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. पत्र आल्यानंतर केलेला करार समोर ठेवला की अधिकारी पहिल्यांदा स्टॅम्प पेपर विकल्याची तारीख बघतो. मागची तारीख घालायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. मग प्रकरण पीएफचं राहत नाही, खोट्या दस्तऐवजाचं होतं. तारीख खरी असली तरी करारात काय लिहिलंय यावर निकाल लागत नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते बघतात. आणि ते बघायला त्यांना करार लागत नाही, तुमचं लेजर आणि तुमचा मोबाइल पुरतो.

भोसरीतल्या एका कारखान्याच्या चौकशीत ‘कन्सल्टंट’ म्हणून दाखवलेल्या माणसांच्या खात्यात दर दिवाळीला एक जास्तीची नोंद होती, नेमकी एका महिन्याच्या रकमेएवढी. अधिकाऱ्याने फक्त विचारलं, ‘तुमच्या वकिलाला पण दिवाळी बोनस देता का?’ आणि त्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालकांचा मेसेज होता: ‘शनिवारी सुट्टी हवी असेल त्यांनी गुरुवारपर्यंत विचारावे. न विचारता खाडा केल्यास दोन दिवसांचे कापले जातील.’ पुढे युक्तिवाद करायला जागाच उरली नाही.

या ‘खाड्या’वरच मी नव्या अशिलाची पहिली चाचपणी करतो. तो माणूस आला नाही तर तुम्ही त्याचा खाडा मांडता का? मांडत असाल तर तुम्ही त्याचा वेळ विकत घेताय, म्हणजे तो बहुतेक तुमचा कामगार आहे. आला नाही तरी तुम्हाला फरक पडत नसेल, काम वेळेत झालं की पुरे असेल, काम बिघडलं तर भुर्दंड त्याचा असेल, तर तो स्वतःचा धंदा करतोय. आपल्याकडे रोजावरचा माणूस आणि काम अंगावर घेणारा माणूस हा भेद गवंडी-सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या कळतो. घोटाळा होतो तो रोजावरच्या माणसाला कागदावर अंगावर काम घेणारा दाखवायला गेल्यावर.

अर्थात ही झाली चाचपणी. न्यायालयांनी हा प्रश्न सत्तर वर्षं घोळवलाय. १९५६ च्या धरांगध्रा केमिकल्सच्या निकालात मिठागरातल्या आगरियांचा (मीठ पिकवणाऱ्यांचा) प्रश्न होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने ‘काम कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे’ याला महत्त्व दिलं. १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात नगावर शिवणारे शिंपी होते. तिथे म्हटलं की नुसतं नियंत्रण बघून भागत नाही. मशीन दुकानाचं आहे, शिवण पसंत नाही पडली तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार दुकानाचा आहे, म्हणून ते कामगार. २०१४ च्या बलवंतराय सलुजा निकालात कसोट्या एकत्र मांडल्या गेल्या: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढू कोण शकतं, शिस्तीची कारवाई कोण करतं, नोकरीत सातत्य आहे का, नियंत्रण आणि देखरेख किती. यातली एकच कसोटी लावून उत्तर काढायचं नाही, सगळ्या एकत्र तोलायच्या. त्यामुळे ‘आमच्याकडे हजेरी नाही, म्हणून आम्ही सुटलो’ हे चालत नाही आणि ‘टीडीएस १९४जे खाली कापतो’ हे तर मुळीच नाही.

टीडीएसचा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर थोडं जास्त लिहितो. आयकराने विचारलेला प्रश्न आणि पीएफने विचारलेला प्रश्न एकच नसतो. जुन्या आयकर कायद्यात १९२ म्हणजे पगार, १९४जे म्हणजे व्यावसायिक फी, १९४सी म्हणजे कंत्राट. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण बोलताना सगळे अजून जुनेच आकडे वापरतात.) तुम्ही कुठलं कलम लावलंत हे फक्त तुमचं मत झालं, ते पीएफ अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. तीच गोष्ट जीएसटीची. नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीत येतच नाही. पण म्हणून एखाद्याने जीएसटीचं बिल दिलं तर तो आपोआप स्वतंत्र व्यावसायिक ठरत नाही. एकच माणूस एका कायद्यात कामगार आणि दुसऱ्यात नाही, असं सर्रास घडतं, कारण प्रत्येक कायद्याची व्याख्या वेगळी आणि हेतू वेगळा.

आपल्याच राज्यातलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण विड्यांचं. नागपूरच्या बिर्धीचंद शर्मांच्या कारखान्यातले विडी कामगार नगावर काम करायचे, वेळेचं बंधन सैल होतं. पण दुपारनंतर आलं तर त्या दिवशी काम मिळत नसे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे कामगारच. पुढे वर्षभरात सिन्नरच्या शंकर बालाजी वाजे यांचं प्रकरण आलं. तिथला विडी वळणारा कधीही यायचा, कधीही जायचा. दोन विरुद्ध एक मताने न्यायालय म्हणालं, कारखाने कायद्याखाली हा कामगार नव्हे. काम तेच, पान-तंबाखू तीच, कायदासुद्धा तोच, निकाल मात्र उलटे. मालक मंडळी सिन्नरचा निकाल अजूनही हौसेने दाखवतात. पण पीएफच्या बाबतीत तो उपयोगाचा नाही. पी. एम. पटेल यांच्या प्रकरणात घरी बसून विड्या वळणाऱ्यांनासुद्धा पीएफ लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, आणि हा निकाल ऐंशीच्या दशकातला आहे.

आता तुमच्या १२ जणांकडे येऊ. सगळ्यांत महत्त्वाच्या त्या चार बायका, म्हणून आधी त्या.

तुम्ही लिहिलंय, कापड वर्कशॉपमध्येच कापलं जातं. अस्तर, टेप, दोरा, आयलेट सगळं तुम्ही देता. त्या घरी स्वतःच्या मशीनवर शिवतात, पॅनेलमागे ठरलेला दर मिळतो. माप चुकलं तर पॅनेल परत पाठवता, त्या उसवून पुन्हा शिवतात, त्याचे पैसे मिळत नाहीत. एखादीला बरं नसेल तर तिची जाऊ शिवते. तुमच्या मते हे घरगुती जॉबवर्क आहे.

मराठवाड्यातल्या गोदावरी गारमेंट्सची रचना जवळजवळ हीच होती. मराठवाडा विकास महामंडळाची ही उपकंपनी बायकांना कापलेलं कापड, दोरा, बटणं द्यायची. त्या घरी स्वतःच्या मशीनवर शिवायच्या आणि नगावर पैसे घ्यायच्या. उच्च न्यायालयात कंपनी जिंकली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि या बायका पीएफ कायद्याच्या अर्थाने कर्मचारी आहेत असं ठरवलं. घरी बसून काम करतात, मशीन त्यांचं, यामुळे फरक पडला नाही. काम कंपनीच्या मूळ धंद्याचं, कच्चा माल कंपनीचा, मजुरी कंपनी थेट देते, आणि माल नाकारण्याचा पूर्ण अधिकार कंपनीचा. पीएफ कायद्याची व्याख्या मुद्दाम रुंद आहे: आस्थापनेच्या कामात किंवा त्या कामाशी संबंधित, थेट किंवा ठेकेदारामार्फत, मजुरीवर लावलेली कोणतीही व्यक्ती. जाऊ शिवते हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे खरा, कारण आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येणं हे स्वतंत्र असल्याचं लक्षण मानतात. पण बाकी सगळं पारडं दुसरीकडे झुकलेलं असताना एवढ्यावर मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही.

चित्र कधी वेगळं असतं? वडगावातली एखादी बाई स्वतःचं बुटीक चालवते, तीन-चार दुकानांचं काम घेते, दर ती सांगते, गणपतीच्या आधी ‘मला जमणार नाही’ म्हणून तुमचं काम नाकारते, आणि तुम्ही फोनवर चरफडता. ती स्वतंत्र. तुमच्या चौघींपैकी कुणी तुम्हाला कधी नाही म्हटलंय का, हे आठवून बघा.

डिझायनर हे दुसरं गुंतागुंतीचं प्रकरण. दोघेही सकाळी दहा ते सात शोरूममध्ये बसतात, लॅपटॉप तुमचा, सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमचं, व्हिजिटिंग कार्डावर नाव तुमच्या फर्मचं, महिन्याला ठरावीक ३८,००० रुपये, बाहेरची कामं घ्यायला बंदी. हे कर्मचारीच. यात मला तिळमात्र शंका नाही. तुमचं म्हणणं आहे की फी पद्धत त्यांनीच मागितली, हातात जास्त पडतात म्हणून. अगदी खरं असेल. इंटिरियर डेकोरेशन हा आयकरात अधिसूचित व्यवसाय आहे, त्यामुळे निम्मी रक्कमच उत्पन्न धरून कर भरायची सोय मिळते, आणि पुण्यात प्रत्येक तरुण डिझायनरला ही सोय तोंडपाठ असते. पण कामगाराची संमती हा बचाव नव्हे. पीएफ, ग्रॅच्युइटी, मातृत्व रजा हे हक्क करार करून सोडता येत नाहीत. आज ज्याने आनंदाने फी मागितली, तोच नोकरी सुटल्यावर ग्रॅच्युइटी मागायला येतो, आणि त्यात चूक काही नाही. हिशेब करून बघा: सहा वर्षं झालेल्याला, ३८,००० वर, २६ दिवसांच्या महिन्याने १५ दिवस दरवर्षी, म्हणजे १,३१,५०० च्या आसपास. पगाराची फोड नसल्यामुळे सगळी रक्कम वेतन धरली जाण्याचा धोका आहेच.

इथे एक बारकावा तुमच्या फायद्याचा आहे. पीएफची वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. त्याहून जास्त पगारावर नव्याने लागलेला आणि आधी कधीच पीएफचा सभासद नसलेला माणूस वगळता येतो. म्हणजे डिझायनर कर्मचारी ठरले तरी त्यांची वर्गणी कदाचित लागणार नाही. ‘कदाचित’ अशासाठी, की आधीच्या नोकरीत एखाद्याचा यूएएन (पीएफचा कायमचा सभासद क्रमांक) निघालेला आणि खातं चालू असेल तर तो वगळता येत नाही. रुजू होताना फॉर्म ११ (आधी पीएफचा सभासद होतो का, हे कामगाराने लिहून द्यायचा फॉर्म) घेतला असता तर आज हे एका कागदावर कळलं असतं. आता त्यांना विचारा. आणि लक्षात ठेवा, वर्गणीतून वगळलेला माणूससुद्धा डोकी मोजताना धरला जातोच.

साइट सुपरवायझर निवृत्त आहेत, रोज येतात, तुम्ही सांगाल त्या साइटवर जातात, ‘रिटेनर’ म्हणून महिन्याला ठरावीक घेतात. तेही कर्मचारी. वय हा मुद्दा पेन्शन योजनेपुरता आणि त्यांनी जुना पीएफ पूर्ण काढलाय का एवढ्यापुरता येतो.

अकाउंटंट मंगळवार-शुक्रवार येतात, आणखी सहा-सात ठिकाणी जातात, स्वतः नसतील तेव्हा त्यांच्या ऑफिसमधला मुलगा येतो, फी वर्षाला ठरते. हे स्वतंत्र, काळजी सोडा. टेम्पोवाल्याचंही तेच. गाडी त्याची, परमिट त्याचं, डिझेल त्याचं, दुपारी तो दुसऱ्याचा माल नेतो.

टेम्पोवरून आठवलं: प्लायवूड उतरवायला येणाऱ्या हमालांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. त्यांचा एकच असा मालक नसतो, पण काम रोजचं असतं, म्हणजे ‘कर्मचारी की स्वतंत्र’ या चौकटीत न बसणारी माणसं. महाराष्ट्राने त्यांच्यासाठी १९६९ मध्येच माथाडी कायदा केला: मंडळात नोंदणी, मजुरीवर लेव्ही, त्यातून पीएफ आणि बाकीचे लाभ. पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. आज गिग कामगारांसाठी निधी कसा उभारायचा यावर मोठमोठ्या परिषदा होतात, तेव्हा मला मार्केट यार्डातल्या पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाची व्यवस्था आठवते. तुमचा माल उतरवणारे मंडळाकडे नोंदलेले आहेत का, एवढं बघून ठेवा.

आता फिटर. तिघांना एकाच मापाने मोजू नका. दोघांची ड्रिल, कटर, लेझर लेव्हल स्वतःची आहे. किचनच्या रनिंग फुटावर दर ठरतो. उंड्री, वाघोलीकडे इतर दुकानांचंही काम घेतात. शटर वाकडं बसलं तर स्वखर्चाने पुन्हा येतात आणि सोबतचा हेल्पर त्यांचा, त्याला पैसे तेच देतात. हे खरे ठेकेदार. तिसरा मात्र तीन वर्षं फक्त तुमच्याकडे आहे. मशीन तुम्ही घेऊन दिलंय, तुमच्या बाइकवर साइटला जातो, दहा तारखेला ठरावीक उचल घेतो आणि नगाचा हिशेब त्यातून वळता होतो, काम नसेल त्या दिवशी वर्कशॉपमध्ये बसवून सनमायका चिकटवायला लावता. नगावर पैसे देणं हे फक्त मजुरी मोजायचं माप झालं. तो तुमचा माणूस आहे.

आणि पहिल्या दोघांचे हेल्पर? ते ठेकेदारामार्फत लावलेले. पीएफच्या व्याख्येत ‘ठेकेदारामार्फत’ हे शब्द स्पष्ट आहेत, त्यामुळे मुख्य मालक म्हणून जबाबदारी तुमच्यापर्यंत येते. भरलेली रक्कम ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घेता येते, पण कार्यालय पैसे मागणार तुमच्याकडे. साइटवर एखादा हेल्पर शिडीवरून पडला तर भरपाईच्या कायद्यातही असंच आहे: आधी तुम्ही द्या, मग ठेकेदाराकडून वसूल करा. म्हणून या दोघांशी लेखी करार जरूर करा. त्यात दर, दुरुस्तीची जबाबदारी, त्यांच्या माणसांची नावं आणि विमा असू द्या. खऱ्या ठेकेदाराशी केलेल्या कराराला किंमत असते.

मोजणी करू. मस्टरवरचे १४, डिझायनर २, सुपरवायझर १, तिसरा फिटर १, म्हणजे १८. चार बायका धरल्या की २२. पीएफ लागू व्हायला २० लागतात. त्या चौघींना वगळून दाखवलंत तरी दोन हेल्पर मोजले की आकडा २० वर येऊन टेकतोच. एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी कायदा निघून जात नाही. अधिकारी लेजरमध्ये नेमका तो महिना शोधणार, जेव्हा आकडा पहिल्यांदा २० ला लागला. आणि त्या महिन्यापासून मस्टरवरच्या १४ जणांनाही पीएफ लागू. ‘बाहेरच्यां’च्या वादात मालक हीच गोष्ट विसरतात.

पैशाचं गणित फक्त त्या चौघींपुरतं मांडतो, म्हणजे अंदाज येईल. सरासरी महिना ९,००० मजुरी धरा. मालकाचे १२ टक्के आणि कामगाराचे १२ टक्के मिळून २,१६० रुपये. कामगाराचा हिस्सा तुम्ही त्या-त्या महिन्यात कापला नाहीत, आता मागचा कापता येत नाही, म्हणून दोन्ही हिस्से तुमच्या खिशातून. पाच वर्षांचे एकीचे १,२९,६००, चौघींचे ५,१८,४००. यावर १२ टक्के व्याज. शिवाय दंडाची नुकसानभरपाई, जी १४ जून २०२४ पासून थकबाकीवर दर महिन्याला १ टक्का आहे, त्याआधी उशीर जास्त असेल तर वर्षाला २५ टक्क्यांपर्यंत जायची. प्रशासकीय शुल्क आणि विमा वेगळा. १४ जणांचं गणित तुम्ही स्वतः करा, मी लिहिलं तर झोप उडेल.

न विचारलेली गोष्टही सांगतो, कारण पुढचं पत्र तिथून येईल. ईएसआयला २० नाही, १० माणसं पुरतात. वर्कशॉपमध्ये तेवढी असतील तर आज, मस्टरवरच्याच आकड्यावर, तुम्ही त्यात बसता. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना तो लागू, तुमचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. पीएफच्या तुलनेत खर्च किरकोळ, आणि कटरवर बोट गेलेल्या कारागिराचा दवाखाना व पगार बुडीचे पैसे तिथून मिळतात. हे तरी कुणी का टाळावं, मला कधी कळलेलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लागू झाल्या, त्यामुळे ‘आता सगळं बदललं’ असं तुम्हाला कुणी सांगेल. तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर पीएफची २० ची आणि ईएसआयची १० ची मर्यादा संहितेतही तीच आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालंय. एखाद्या प्रकल्पापुरता माणूस हवा असेल तर मुदतीची नेमणूक हा रीतसर मार्ग आहे, त्यात बाकीचे लाभ कायम कामगारासारखे आणि ग्रॅच्युइटी एका वर्षानंतर. तुमच्या डिझायनरांना कन्सल्टंट म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ‘त्या बायकांना गिग वर्कर दाखवू या’ ही टूमही सध्या फिरते आहे. संहितेतली ती व्यवस्था ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे ॲपवरून ग्राहक आणि सेवा देणारा यांना जोडणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. त्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे. पडद्याचं दुकान ॲग्रिगेटर होत नाही आणि ‘गिग’ म्हटल्याने मालक-कामगाराचं नातं पुसलं जात नाही.

आता पत्राचं काय करायचं. दिलेल्या तारखेला जा, किंवा अधिकारपत्र देऊन कुणाला पाठवा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होतो आणि मग तो फिरवण्यात वर्षं जातात. ‘मजुरी’, ‘जॉबवर्क’, ‘प्रोफेशनल फी’, ‘साइट खर्च’ या चार खात्यांची प्रत्येक नोंद कुणाच्या नावाची, कोणत्या कामाची, हे आधी वेगळं काढा. फोड दिली नाहीत तर अख्खी रक्कम मजुरी धरायचा मोह अधिकाऱ्याला होतो. त्यात टेम्पोचं भाडं, अकाउंटंटची फी, फिटरच्या बिलातलं साहित्यही जातं. तुम्ही नावं आणि फोड दिलीत तर वाद फक्त खऱ्या माणसांपुरता राहतो, आणि कामगार ओळखल्याशिवाय वर्गणी ठरवू नये असं सर्वोच्च न्यायालयाने अन्न महामंडळाच्या प्रकरणात म्हटलंय, तो आधार तुम्हाला मागता येतो. अकाउंटंट, टेम्पोवाला आणि पहिले दोन फिटर यांच्यासाठी ठाम भांडा: त्यांची इतर ग्राहकांची बिलं, गाडीचं आरसी बुक, त्यांच्या पॅनवरचे इतर टीडीएस मागून घ्या. बाकीच्यांसाठी भांडू नका. हरणाऱ्या मुद्द्यावर अडून बसलात की जिंकणाऱ्या मुद्द्यावरही तुमच्यावर विश्वास ठेवला जात नाही.

मागच्या थकबाकीसाठी सवलत आहे का, हेही कार्यालयात विचारा. २०१७ मध्ये नावनोंदणीची मोहीम निघाली होती. नोव्हेंबर २०२५ पासून एप्रिल २०२६ पर्यंत दुसरी आली, तिच्यात न कापलेला कामगाराचा हिस्सा माफ होता आणि दंड नाममात्र १०० रुपये. अशा खिडक्या अधूनमधून उघडतात. चालू असेल तर एक दिवसही घालवू नका.

चालू महिन्यापासूनचा भरणा मात्र कशाचीही वाट न बघता सुरू करा. कोड ऑनलाइन निघतो. अडतं ते कामगारांच्या कागदांपाशी. यूएएन आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा असतो, त्याला आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर बरोबर लागतो. घरी शिवणाऱ्या बायकांच्या आधारवर निम्म्या वेळा माहेरचं नाव असतं आणि नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा. ते दुरुस्त करायला आधार केंद्रात पाठवा, त्या दिवसाची मजुरी द्या, आणि चौघींना एकत्रच पाठवा, म्हणजे कागद राहिला म्हणून पुन्हा खेप पडणार नाही.